स्टेशनचा दगड

आमच्या गोठ्याच्या दारात एक घडीव दगड आहे. बैल त्याच्यावर पाय ठेवून आत जातात. तो गावच्या बंद स्टेशनचा आहे, आणि मीच आणला.

शकुंतला म्हणजे आमची मूर्तिजापूर-यवतमाळ गाडी. अडीच फुटी रूळ, ११३ किलोमीटरची वाट. किलिक निक्सन कंपनीनं ती टाकली ते काही लेकीबाळींनी माहेरी जावं म्हणून नाही. वऱ्हाडचा कापूस मुंबईला न्यायचा, तिथून बोटीनं विलायतेला. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं, मग डिझेल आलं. पुढं पुढं तर स्टेशनवर माणूसच नसे. गार्डच खाली उतरून तिकीट द्यायचा. नाही काढलं तरी विचारणारं कोणी नाही. तरी माझा बाप डब्यात पाय टाकायच्या आधी गार्डापुढं पैसे धरायचा. लोक हसायचे, "अबे, पाहाले कोन येते?" बाप म्हणायचा, "मी आहो ना."

गाडी थांबली. मग स्टेशनची दारं-खिडक्या गेल्या, कौलं गेली. एक दिवस मीही बंडी जुंपली. वाटेनं मनाशी हिशेब मांडला: कापूस माझ्या आजोबाचा, भाव दुसऱ्याचा. आमच्याच कापसाच्या भाड्यावर हे स्टेशन उभं राहिलं, म्हणजे दगड आमचाच. शिवाय मी नाही नेला तर दुसरा नेणारच. (नेलाच असता, हे आजही म्हणतो.)

हिशेबात चूक काढता येत नव्हती. फक्त एक होतं. मी निघालो तो दिवेलागण झाल्यावर. आपल्या हक्काचा माल आणायला माणूस अंधाराची वाट कायले पाहील?

आणि घेतला तो कोणाचा? कंपनीवाले तर कधीच गेले होते. त्या दगडावर बाजाराच्या बाया टोपल्या टेकवून गाडीची वाट पाहत. माझी मायही त्यांच्यातच.

मागं शकुंतला परत सुरू करा म्हणून निवेदन फिरलं. मीही सही केली. सही करताना हात थोडा अडखळला, ते कोणाला दिसलं नाही.

मुलाला एकदा सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मंग नेऊन टाका ना बाबा परत."

मी सकाळी जाऊन पाहून आलो. भिंत होती तिथं आता बाभळी वाढल्या आहेत. दगड ठेवावा कुठं, तेच समजेना.