जिंकण्याआधीची माणसं

विदर्भाचा रणजी संघ १९५७-५८च्या हंगामात पहिल्यांदा मैदानात उतरला आणि रणजी करंडक पहिल्यांदा त्याच्या हाती आला तो १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. मधले साठ हंगाम कोरडे गेले. त्या दिवसाची गोष्ट आता चंद्रपुरातल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. रजनीश गुरबानीची हॅटट्रिक, अक्षय वाडकरचं शतक, कर्णधार फैज फझलचा धावांनी भरलेला हंगाम, प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांची शिस्त, आणि मुंबईहून येऊन विजयी फटका मारणारा वसीम जाफर. कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाला अवघ्या पाच धावांनी हरवलं, ही आठवण तर अंतिम सामन्याहून जास्त रंगवून सांगितली जाते. पुढच्याच वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून करंडक राखला आणि २०२५मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर तिसऱ्यांदा मिळवला.

या विजयांवर पुष्कळ लिहून झालं आहे. मला लिहायचं आहे ते त्या साठ हंगामांतल्या माणसांबद्दल.

संघ म्हणजे काय, हा प्रश्न २०२५च्या अंतिम सामन्याने फार सुंदर रीतीने समोर ठेवला होता. २०१९च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे अकरा गडी बाद करणारा आदित्य सरवटे या वेळी केरळकडून खेळत होता आणि त्याच नागपुरात त्याने विदर्भाविरुद्ध ७९ धावा केल्या. उलट २०१८च्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून विदर्भाविरुद्ध १४५ धावा करणारा ध्रुव शोरे आता विदर्भाच्या अकरांत होता. करुण नायर कर्नाटकातून आलेला, त्याने ८६ आणि १३५ धावा केल्या. माणसं अशी इकडची तिकडे होत असतील तर ‘आपला संघ’ म्हणताना आपण नेमकं कुणाला आपलं म्हणतो? टोपीवरचं चिन्ह बदलतं, मैदान बदलतं, नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधून ते जामठ्याला जातं. टिकते ती एक साखळी: यांच्याआधी हे होते, त्यांच्याआधी ते. ही साखळी कुणाच्या तरी आठवणीत असेल तेवढाच संघ जुना असतो. ती तुटली तर साठ वर्षांचा संघही कालपरवाचा होऊन जातो.

विदर्भाच्या साखळीचा पहिला दुवाच चमत्कारिक आहे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात जन्मले आणि हिस्लॉप कॉलेजात शिकले. १९२६मध्ये मुंबईत एमसीसीविरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा करून त्यांनी भारतीय क्रिकेटचा दर्जा जगाला दाखवला. पण त्यांचं मोठं कर्तृत्व घडलं होळकरांच्या पदरी, इंदूरला. साठी ओलांडल्यावर १९५६-५७मध्ये ते उत्तर प्रदेशाकडून रणजी खेळले आणि थांबले. विदर्भाचा संघ आला तो त्याच्या पुढच्याच हंगामात. एका वर्षाची चुकामूक झाली आणि विदर्भाच्या मातीतला सर्वांत मोठा खेळाडू विदर्भाच्या यादीत आलाच नाही. साठ वर्षांनी करंडक मिळाला तोही होळकरांच्या नावाच्या मैदानावर, हा योग मला फार मोलाचा वाटतो.

त्या पहिल्या संघाच्या वेळी आमचा चंद्रपूर जिल्हा चांदा म्हणून ओळखला जाई. गडचिरोली त्यातून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ला. विदर्भ तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्यात होता. महाराष्ट्र झाल्यावरही क्रिकेटच्या नकाशावर तो वेगळाच राहिला आणि एका राज्यातून मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ असे तीन रणजी संघ खेळत राहिले. राजकारणात वेगळ्या विदर्भाची मागणी किती वेळा उठली आणि बसली. मैदानावर मात्र तो त्या सबंध काळात वेगळा होता. आमच्याकडच्या क्रिकेटवेड्यांना या संघाबद्दल जी माया आहे, तिच्यात हा भाग बराच मोठा आहे.

पण विदर्भ मैदानात उतरला तो काळ कुठला होता? पुढच्याच हंगामात, १९५८-५९मध्ये, मुंबईने रणजी करंडक जिंकला आणि सलग पंधरा वर्षं सोडला नाही. मध्य विभागात राजस्थान होता. विनू मंकड, सलीम दुराणी, हनुमंत सिंह यांच्यासारखे खेळाडू घेऊन तो पुनःपुन्हा अंतिम फेरी गाठायचा आणि मुंबईकडून हरायचा. त्या राजस्थानाला ओलांडल्याशिवाय विदर्भाला विभागाबाहेरचं तोंड दिसत नसे. स्पर्धा विभागवार खेळली जायची. मध्य विभागात विदर्भाबरोबर राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि पुढे रेल्वे. गटात चार-पाच संघ, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाकाठी तीन-चार सामने. बाद फेरी गाठली नाही, आणि विदर्भाला ती क्वचितच गाठता आली, तर तेवढ्यात हंगाम आटोपला. त्यातला एखादा पावसाने किंवा तापाने गेला की आणखी कमी.

जुन्या खेळाडूंचे आकडे वाचताना हे डोळ्यांसमोर ठेवलं नाही तर त्यांच्यावर अन्याय होतो. दहा वर्षं इमानाने खेळलेल्या माणसाच्या नावापुढे तीस-चाळीस सामने दिसतात. २०२४-२५मध्ये हर्ष दुबेने एकाच हंगामात दहा सामन्यांत ६९ बळी घेतले, रणजीच्या इतिहासातला तो विक्रम आहे आणि त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण साठच्या दशकातल्या विदर्भाच्या फिरकी गोलंदाजाला दहा सामने मिळायला तीनेक वर्षं लागत. मधल्या महिन्यांत तो बँकेत, रेल्वेत नाहीतर सरकारी कचेरीत खुर्चीवर बसलेला असे. जयपूरला किंवा लखनौला जायचं म्हणजे साहेबाकडे रजेचा अर्ज, मग गाडीतला रात्रीचा प्रवास, मग समोर मंकड. भारतीय संघाची निवड होताना आपलं नाव कुणी उच्चारणार नाही, हे त्याला ठाऊक असे. तरी पुढच्या वर्षी तो पुन्हा सरावाला येई. ही चिकाटी कुठल्याच सरासरीत धरली जात नाही.

नागपूरच्या प्रेक्षकांची कथाही तशीच. नागपुरात पहिली कसोटी झाली ऑक्टोबर १९६९मध्ये, न्यूझीलंडविरुद्ध. विदर्भाकडून खेळणारा पहिला कसोटीपटू उमेश यादव, आणि त्याची पहिली कसोटी नोव्हेंबर २०११ची. मधली बेचाळीस वर्षं आपल्या मैदानावर कसोटी पाहायला जाणाऱ्या माणसाला आपल्या संघाचा एकही खेळाडू भारताच्या अकरांत दिसला नाही. १९९५-९६मध्ये प्रशांत वैद्य भारताकडून चार एकदिवसीय सामने खेळला, तेवढाच दिलासा. चंद्रपूर, बल्लारपूर, वरोऱ्याहून लोक गाडीने नागपूरला सामना पाहायला जात. १९८७च्या विश्वचषकात चेतन शर्माची हॅटट्रिक आणि गावसकरांचं एकदिवसीय सामन्यांतलं एकमेव शतक नागपुरातच झालं, एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला. तो सी. के. नायडूंचा जन्मदिवस. आमच्या भागात ही हॅटट्रिक आजही सांगतात. त्याच वर्षी विदर्भाच्या रणजी संघाचा कर्णधार कोण होता, हे विचारलं तर बैठक गप्प होते. आमच्या मैदानावरचा दुसऱ्यांचा पराक्रम आम्ही जपला आणि आमच्या माणसांची नावं हातची सोडली. नव्वदच्या दशकापासून वर्षानुवर्षं ऑफस्पिन टाकत राहिलेला प्रीतम गंधे किंवा डावाची सुरुवात करणारा प्रवीण हिंगणीकर ही नावं सांगणारी माणसंही आता कमी भेटतात.

हरणाऱ्या संघाच्या जुन्या खेळाडूंवर जीव लावणं शक्य असतं, हे अमेरिकेतल्या बेसबॉलकडे पाहून कळतं. शिकागो कब्ज या संघाने १९०८मध्ये विजेतेपद मिळवलं आणि त्यानंतरचं थेट २०१६मध्ये. या १०८ वर्षांतला त्यांचा सर्वांत लाडका खेळाडू अर्नी बँक्स. तो १९५३पासून १९७१पर्यंत एकाच संघाकडून खेळला, ५१२ होमरन मारले आणि वर्ल्ड सिरीजचा एकही सामना त्याला मिळाला नाही. जानेवारी २०१५मध्ये तो वारला, पुढच्या वर्षीचा विजय त्याला पाहता आला नाही. पण रिग्ली फील्डबाहेर त्याचा पुतळा त्याच्या हयातीतच, २००८मध्ये, उभा राहिला होता. तो उभारणाऱ्यांनी विजेतेपदाची वाट पाहिली नाही.

त्याहून मला भावते ती आर्चिबाल्ड ग्रॅहमची नोंद. २९ जून १९०५ रोजी तो न्यूयॉर्क जायंट्सकडून एक सामना खेळला. अखेरच्या काही मिनिटांपुरता क्षेत्ररक्षणाला उभा राहिला, बॅट हातात घ्यायची पाळी आलीच नाही. पुढे तो मिनेसोटातल्या चिझम या खाणींच्या गावात डॉक्टर झाला आणि जन्मभर तिथेच राहिला. बेसबॉलच्या जाडजूड कोशात त्याच्या नावापुढे एक ओळ होती. ती किन्सेला या कादंबरीकाराच्या नजरेस पडली आणि त्याच्या कादंबरीतून, मग १९८९च्या चित्रपटातून, ग्रॅहम जगभर पोचला. लेखक भेटला हा योगायोग, पण ती ओळ तिथे असणं हा योगायोग नव्हता. एकच सामना खेळलेल्या माणसाचंही नाव, जन्मगाव आणि तारीख लिहून ठेवायची, असं कुणीतरी ठरवून केलं होतं म्हणून ती होती.

रणजीचा निदान धावफलक तरी उरतो. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तोही नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, बैलजोड्यांच्या शर्यतींचे शंकरपट होतात, रात्री झाडीपट्टीचं नाटक उभं राहतं आणि त्याच दिवसांत कबड्डीचे सामने होतात. गडचिरोलीच्या आतल्या भागात व्हॉलीबॉलचं जाळं बहुतेक गावांत दिसतं. बल्लारपूरची पेपर मिल, माजरी, घुग्घुस, दुर्गापूरच्या कोळसा खाणींच्या वसाहती, इथे कामगारांच्या पोरांनी फुटबॉल आणि टेनिस बॉलचं क्रिकेट खेळून पिढ्या काढल्या. उमेश यादव नागपूरजवळच्या वलनीच्या अशाच खाणवसाहतीतला, वडील खाणीत कामाला, आणि विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिस बॉलवर वाढलेला. त्याचं नाव भारतभर झालं. त्याच्याइतका वेगवान टाकणारा एखादा घुग्घुसमध्येही होऊन गेला असेल, पण तसं म्हणायला हातात कागद नाही आणि नाही म्हणायलाही नाही.

स्पर्धांना नावं देताना आम्ही आठवण ठेवतो. गडचिरोली पोलीस दलाच्या कबड्डी स्पर्धेला वीर बाबूराव शेडमाके यांचं नाव आहे. १८५८मध्ये चंद्रपूरच्या तुरुंगात फासावर गेलेल्या या गोंड वीराची आठवण एटापल्ली-भामरागडच्या पोरांनी मैदानात जागवावी, हे योग्यच आहे. पण त्या मैदानात चढाई करणाऱ्या पोराचं नाव पाच वर्षांनी कुठे शोधायचं? शिल्ड ग्रामपंचायतीच्या कपाटात असते, तिच्यावर गावाचं नाव आणि साल. सात जणांची नावं नसतात. गुणपत्रक पंचांच्या पिशवीतून घरी जातं आणि तिथून रद्दीत. शंकरपटाच्या शौकिनांना मात्र जुन्या नावाजलेल्या बैलजोड्या मालकासकट आठवतात, कारण त्या दर वर्षी बोलल्या जातात. स्मरण टिकतं ते अशा बोलण्याने, आणि बोलणारे गेले की लिहिलेल्याने. आमच्या खेळाडूंना यातलं एकही मिळालेलं नाही.

म्हणून मला वाटतं, विदर्भाच्या तीन विजेतेपदांचा खरा उपयोग मागे जाण्यासाठी करावा. १९५७पासून विदर्भाकडून खेळलेल्या प्रत्येकाची, एक सामना खेळलेल्याचीसुद्धा, एक यादी व्हावी. तिच्यात धावा आणि बळी यांच्यापलीकडे आणखी काही असावं: गाव कोणतं, शाळा कोणती, नोकरी कुठे होती, पहिली बॅट कुणी दिली, शिकवलं कुणी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांनी आपल्या परिसरातल्या कबड्डी, व्हॉलीबॉल, फुटबॉलच्या संघांसाठी हेच करावं. मराठीच्या किंवा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पाला विषय शोधावे लागतात, हा त्यांच्या गावातच पडलेला आहे. गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या खेळाडूंच्या मुलाखती त्यांच्या भाषेत घेतल्या तर खेळाचे तिथले शब्दही हाती लागतील.

आणि विचारायचं ते बारकाईने विचारावं. “तुमचा सर्वोत्तम क्षण कोणता?” असं विचारलं की माणूस वर्तमानपत्रासारखं बोलू लागतो. दुराणी समोर असताना क्षेत्ररक्षण कसं लावलं होतं, खेळपट्टी मातीची होती की मॅटिंगची, बूट कुणाचे होते, रजा नाकारली तेव्हा काय केलं, हरल्यावर परतीच्या गाडीत कोण कोणाशी बोललं, हे विचारलं की तो खरा सांगू लागतो. १९५७च्या हंगामात जो विशीचा होता तो आज नव्वदीच्या जवळ आहे. कामाची सुरुवात त्यांच्यापासून करावी लागेल, ऐंशीच्या दशकातले खेळाडू अजून काही वर्षं थांबू शकतात.