विवेक कोणाचा?

२०२१ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने आरोग्यसेवकांना कोविडची लस सक्तीची केली व धार्मिक कारणास्तव सूट नाकारली. काही ख्रिस्ती डॉक्टर व परिचारिका न्यायालयात गेल्या. लशींच्या निर्मितीत वा चाचणीत गर्भपातातून मिळालेल्या पेशींचे वंशज वापरले गेले, हा त्यांचा आक्षेप. तो क्षुल्लक नव्हे. कित्येकांनी त्यापायी नोकरी गमावली. १३ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही स्थगिती दिली नाही.

ज्या ग्रीक शब्दासाठी आपण ‘सदसद्विवेकबुद्धी’ म्हणतो, त्याच्या घडणीत ‘सह जाणणे’ आहे. (भाषांतरात हा ‘सह’ निसटतो, याची मला नेहमी रुखरुख वाटते.) मूर्तीच्या नैवेद्याविषयी करिंथकरांस लिहिताना पौल स्पष्ट करतो की, येथे प्रश्न तुझ्या नव्हे, तर दुसऱ्याच्या विवेकाचा आहे (१ करिंथ १०:२९). इस्पितळात तो दुसरा म्हणजे खाटेवरचा रोगी. त्याला आपली परिचारिका निवडता येत नाही.

लशीने संसर्ग पूर्णपणे थांबत नाही, हे खरे. म्हणून आक्षेपकास काढून टाकण्याआधी रोग्यांपासून दूरचे काम द्यावे, असे मला वाटते. मात्र त्या कामाचा पगार कमी असला, तर तो त्याने कुरकुर न करता घ्यावा.