रेघेपाशी थोडं थांबून

घाई नको. डोळे मिटा आणि एक कोरा कागद मनात आणा. फार मोठा नाही, दोन्ही हातांत धरता येईल एवढा. एखाद्या चित्रकार स्त्रीविषयी वाचायला बसलं की आपल्याला आधी तिची कहाणी हवी असते. घर, दुःख, आजारपण. ते सगळं येईल. आत्ता फक्त कागद.

त्यावर एक रेघ येऊ द्या. काळ्या शाईची, बारीक. तिच्याखाली दुसरी, तिसरी, चौथी. अंतर आधी सारखंच आहे, मग केसभर वाढलं. श्वास ओढून धरू नका, त्याला त्याच्या चालीने चालू द्या. रेघा वाढताहेत. मध्येच एक जाड झाली, पुढची इतकी फिकट की आहे की नाही कळेना. आणि मग कुठूनतरी एक तिरपी रेघ उठते आणि सपाट कागदाला अचानक खोली येते. मन लगेच विचारतं, हे काय आहे? रस्ता? जिना? समुद्र? विचारू द्या. उत्तर देऊ नका.

नसरीन मोहमदी यांची १९७० च्या दशकातली चित्रं अशी आहेत. शाई, पेन्सिल आणि कागद. रंग जवळजवळ नाही, माणूस नाही, झाड नाही. त्यांनी चित्रांना नावं दिली नाहीत, बहुतेकांवर तारीखही घातली नाही. आराखडे काढणाऱ्यांकडे असतात तसली उपकरणं त्या वापरत, तरी या रेघांतून इमारत उभी राहत नाही. मनाला टांगायला खुंटीच मिळत नाही. हे पहिल्यांदा अस्वस्थ करतं. त्या अस्वस्थतेपाशीच थोडं बसा.

आता कहाणी, थोडक्यात. जन्म १९३७ चा, कराचीचा. आई लहानपणीच गेली. १९४४ मध्ये कुटुंब मुंबईला आलं. वडिलांचा व्यवसाय बहारीनमध्ये होता, त्यामुळे वाळवंट नसरीन यांच्या नजरेत लवकर शिरलं. लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये शिक्षण झालं, पुढे काही काळ पॅरिसमध्ये. मुंबईत वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकार वासुदेव गायतोंडे भेटले. गायतोंड्यांचं मौन आणि नसरीनची रेघ यांचं नातं आहेच. पण गायतोंडे रंगात बुडाले आणि नसरीन रंगाबाहेर पडल्या, हेही विसरू नये.

आणि किहीम. अलिबागजवळच्या या गावी मोहमदी कुटुंबाचं घर होतं. तुम्ही तिथे गेला असाल तर तो किनारा आठवा. नसाल तर कोकणातला कुठलाही चालेल. ओहोटी लागली आहे. पाणी मागे सरलं आहे आणि ओल्या रेतीवर लाटांच्या बारीक वळ्या उरल्या आहेत. एक वळी दुसरीसारखी दिसते, पण तशीच नसते. नजर एकीवरून दुसरीवर सावकाश नेत राहा. मोजू नका. नसरीन यांनी किनाऱ्याची, रस्त्यांची, इमारतींच्या कडांची छायाचित्रं काढली. हयातीत ती कधी प्रदर्शनात मांडली नाहीत. आज ती पाहताना कळतं की त्यांची रेघ हवेतून आली नव्हती. ती पाहण्यातून आली होती, पाहिलेलं गाळत गाळत.

१९७२ पासून त्यांनी बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेत शिकवलं. तिथे गुलाम मोहम्मद शेख, भूपेन खख्खर यांच्या कॅनव्हासवर माणसं, गल्ल्या, गोष्टी गर्दी करत होत्या. त्याच गावात ही बाई रेघा ओढत बसली होती. एकटेपण म्हणतात ते हेच असावं. पण त्यात तक्रारीचा सूर मला तरी दिसत नाही. अमेरिकेच्या चित्रकार अ‍ॅग्नेस मार्टिनशी त्यांची तुलना नेहमी होते. मार्टिनची जाळी एका जागी शांत विसावते. नसरीनची रेघ कागदाच्या एका कडेने आत येते आणि दुसऱ्या कडेने निघून जाते. फरक मोठा आहे.

पुढे मज्जासंस्थेच्या आजाराने शरीरावरचा ताबा हळूहळू सुटत गेला. आणि चित्रं? ती आणखी विरळ, आणखी नेमकी झाली. आधीची रेघांची दाट जाळी गेली, रिकाम्या कागदावर चार तिरप्या रेघा, एखादा त्रिकोण, एखादी कमान. इथे थांबा, कारण इथेच आपण घसरतो. थरथरता हात आणि सरळ रेघ, अशी गोष्ट लगेच तयार होते आणि डोळे भरून येतात. मला ती गोष्ट अपुरी वाटते. रेघ त्यांनी निवडली होती, आजाराने नव्हे. कीव आली की आपण चित्र बघायचं सोडून देतो. ती बाजूला ठेवून पुन्हा कागदाकडे या. एक रेघ. तिच्या शेजारची रिकामी जागा. दोन्हींना सारखाच वेळ द्या.

१४ मे १९९० रोजी किहीमला त्यांचं निधन झालं. जगाचं लक्ष नंतर गेलं. २०१६ मध्ये न्यूयॉर्कचं मेट ब्रॉयर हे संग्रहालय उघडलं तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत त्यांचं एक होतं.

मोबाइलच्या पडद्यावर या रेघांचा नुसता करडा पट्टा होतो, म्हणून तिथे पाहून मत बनवू नका. दिल्लीच्या किरण नाडर कला संग्रहालयाकडे त्यांची चित्रं आहेत. मांडलेली असतील तेव्हा जा आणि एकाच चित्रासमोर उभे राहा. बाकीची दुसऱ्या खेपेला.