न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर

विकणाऱ्यानें आपल्या वस्तूचे दोष, ग्राहकानें विचारले नसतांही, सांगावे काय? प्रश्न फार जुना आहे. इ. स. पू. ४४ मध्यें रोमन पंडित सिसेरो यानें सदोष घर विकणाऱ्याच्या निमित्तानें त्याची चर्चा केली. १८७२ च्या आपल्या करार-कायद्यांत तो सदोष घोड्याच्या निमित्तानें आला. आज घोड्याची जागा मोटारीनें घेतली आहे, आणि या प्रश्नाचा कस पाहण्यास जुन्या मोटारीसारखा दुसरा विषय क्वचितच सांपडेल.

जुन्या इंजिनांतील तेल दोन वाटांनीं कमी होतें. एक वाट बाहेरची. इंजिनाच्या झांकणाखालचें पॅकिंग वाळून कडक होतें, तेल झिरपतें व जमिनीवर काळा डाग पडतो. हा दोष दिसावयास ओंगळ, परंतु बहुधा थोडक्या खर्चांत दूर होणारा. दुसरी वाट आंतली. पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर झिजले म्हणजे तेल वर चढून पेट्रोलाबरोबर जळतें. जमिनीवर थेंबही पडत नाहीं. केवळ धुराला निळसर झांक येते. जाणता मिस्त्री अशा वेळीं सिलिंडरांतील दाब मोजतो, मग आंत चमचाभर तेल सोडून पुन्हां मोजतो. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. न वाढला तर दोष बहुधा व्हॉल्व्हांत.

म्हणजे जो डोळ्यांत भरतो तो दोष बहुधा लहान, आणि जो दिसत नाहीं तो मोठा. ग्राहकाला घटकाभरांत दिसला तर डाग दिसतो. दर महिन्याला किती तेल भरावें लागतें, हें मात्र मालकालाच ठाऊक असतें.

करार-कायद्याचें सतरावें कलम म्हणतें कीं, नुसतें मौन म्हणजे कपट नव्हे. यांत तथ्य आहे. ग्राहक कांहीं बालक नव्हे. त्यानें स्वतःचा मिस्त्री आणावा. परंतु ग्राहक येण्यापूर्वीं इंजिन धुवून डाग घालविणें, जाड तेल भरून धूर दडपणें, थंड इंजिनाचा पहिला धूर दिसूं नये म्हणून तें आधींच तापवून ठेवणें, याला मौन कोण म्हणेल? जें असत्य जिभेनें टाळलें, तें येथें हातांनीं बोललें जातें. आणि असें जाणूनबुजून लपविणें त्याच कलमानें कपट ठरविलें आहे.

उरतें तें निखळ मौन. त्याविषयीं त्या कायद्यांतच एक मार्मिक उदाहरण आहे. घोडा घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर दोष सांगणें हें त्याचें कर्तव्य होय. घोडा तोच, दोषही तोच. बदललें तें केवळ नातें. कायद्याला शासन करावयाचें असतें, म्हणून त्याला कर्तव्याची सीमा कोठेंतरी आंखावीच लागते. नीतीला तशी सीमा आंखण्याचें कारण काय? परक्याची मुलगीही कोणाची तरी मुलगीच असते.

शिवाय जुनी मोटार घेणारा बहुधा विकणाऱ्याहून कमी ऐपतीचा असतो. तेल संपून इंजिन जाम झालें तर त्याची वर्षानुवर्षांची शिल्लक जाते. अशा रीतीनें दोष हातोहात खालीं सरकत जातो आणि अखेर ज्याला तो मुळींच परवडत नाहीं, त्याच्या पदरीं पडतो.

कोणी म्हणेल, खरें सांगितल्यास किंमत उतरेल. उतरेलच. पण उतरलेली रक्कम आपली कधींच नव्हती; ती धडधाकट इंजिनाची किंमत होती, आणि तें इंजिन आपल्यापाशीं नव्हतें. मालकानें दोषाचें निदान करावें, अशीही कोणाची अपेक्षा नाहीं. 'हिला महिन्याला इतकें तेल लागतें' एवढें एक वाक्य पुरे. पुढचें काम ग्राहकाचा मिस्त्री करील.