दिव्याला पात्र कळतं का? (गीता, अध्याय १७, श्लोक २०)



काल आपण सतराव्या अध्यायातला एकोणिसावा श्लोक पाहिला. हट्टाने स्वतःला पिळून, नाहीतर दुसऱ्याचं वाईट व्हावं म्हणून केलेलं तप, ते तामस. आज विसावा. इथून भगवंत दानाकडे वळतात. पुढचे तीन श्लोक दानाच्या तीन प्रकारांचे आहेत, त्यातला आजचा सात्त्विक दानाचा.

अर्थ वरवर सोपा आहे. 'द्यायला हवं' एवढ्याच भावनेने, जो परतफेड करणार नाही अशाला, योग्य ठिकाणी, योग्य वेळी आणि योग्य पात्राला जे दिलं जातं ते सात्त्विक दान. हा अध्याय मी कितीदा वाचला असेल याची मोजदाद नाही. पण गेल्या उन्हाळ्यापासून या श्लोकापाशी आले की मी थांबते. अडतं ते 'पात्र' या शब्दावर. का अडतं ते आज लिहूनच टाकते.

उन्हाळ्यात आपल्या संभाजीनगरात पाण्याचं काय होतं हे इथल्या वाचकांना सांगायला नको. नाथसागर पैठणला, म्हणजे जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, आणि आपल्या नळाला पाणी येणार कित्येक दिवसांच्या अंतराने. आमच्या घराला बोअर आहे आणि देवाच्या दयेने त्याचं पाणी मे महिनाभर पुरतं. कंपाउंडच्या भिंतीला रस्त्याच्या बाजूने एक तोटी आहे. ती सासूबाईंनी बसवून घेतलेली. येणारा-जाणारा पाणी पिईल, एखादं जनावर पिईल, एवढाच त्यांचा हिशोब. त्या गेल्यावरही ती तोटी तशीच राहिली.

शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं. तिथे राखणीला एक कुटुंब राहायचं. नवरा, बायको आणि सात-आठ वर्षांची मुलगी. मुलगी रोज सकाळी आमच्या तोटीवरून दोन कळशा भरून न्यायची. एके दिवशी भर दुपारी मी पाहिलं, तिचा बाप निळा कॅन भरून सायकलला बांधतोय. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग कोपऱ्यावरच्या चहावाल्याला सहज विचारलं, तर तो म्हणाला, "काकू, पाणी त्याच्याकडूनच घेतो की. कॅनचे वीस रुपये."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आम्ही फुकट देतो आणि हा विकतो! त्याच संध्याकाळी तोटीवर पत्र्याची पेटी बसवून कुलूप घातलं.

सकाळी मुलगी आली. कुलूप बघितलं. थोडा वेळ उभी राहिली आणि रिकाम्या कळशा घेऊन परत गेली. तिने बेल वाजवली नाही. मी खिडकीतून बघत होते, पण बाहेर आले नाही.

त्या दिवशी पूजा झाल्यावर मी मुद्दाम हाच श्लोक काढून वाचला. भगवंतच सांगतात ना, पात्र बघून द्या म्हणून? मग माझं काय चुकलं? श्लोक वाचण्यामागे चिंतन नव्हतं. मला माझ्या कुलपावर भगवंताची सही हवी होती.

आता यात समुद्र कुठून आला, ते सांगते.

माझा भाचा नोकरीसाठी जपानला असतो. दिवाळीत त्याने मियाजिमा बेटावरच्या इत्सुकुशिमा देवस्थानाचे फोटो पाठवले. त्या देवस्थानाचं मोठं लाल तोरणद्वार समुद्रातच उभं आहे. भरतीला ते पाण्यात असतं, आणि ओहोटी लागली की लोक वाळूवरून थेट त्याच्या पायथ्यापर्यंत चालत जातात. फोटोखाली त्याने विचारलं होतं, "मावशी, आपल्याकडे आहे का असं काही?" धाकटी बहीण म्हणाली, "असं म्हणजे? कुणकेश्वर बघितलं नाहीस का तू?"

नव्हतं बघितलं. आम्ही मराठवाड्यातली माणसं. घृष्णेश्वराचं ज्योतिर्लिंग घरापासून तासाभरावर, त्यामुळे महादेवासाठी लांब जायची वेळच आली नाही. समुद्र बघितला तो मुंबईचा, लग्नकार्याला गेल्यावर, तोही गाडीच्या काचेतून. शेवटी नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही दोघं निघालो. पुणे, कोल्हापूर, मग राधानगरीवरून फोंडाघाट उतरून देवगड. सगळं मिळून सहाशे किलोमीटरच्या आसपास. कोल्हापूरला मुक्काम केला, तरी पाठीने बंड पुकारलंच.

कुणकेश्वर सिंधुदुर्ग जिल्ह्यात, देवगड तालुक्यात आहे. त्याला कोकणची काशी म्हणतात. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते, पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तो साधा आठवड्यातला दिवस. देवळात आम्ही दोघं, पुजारी आणि चार-पाच माणसं. देऊळ अगदी समुद्राच्या कडेला आहे. गाभाऱ्यात उभं राहिलं तरी लाटांचा आवाज थांबत नाही. ओहोटी होती म्हणून खाली उतरलो. तिथल्या कातळात कोरलेली शिवलिंगं आहेत. पाणी मागे हटलं की दिसतात, भरती आली की बुडतात. दिवसातून दोनदा समुद्रच त्यांना अभिषेक घालतो. बघायला कोणी असो वा नसो.

या देवळाची एक आख्यायिका आहे. परमुलखातला एक मुसलमान व्यापारी गलबत घेऊन या बाजूने चालला होता. वादळ उठलं. काळोखात किनारा कुठे, खडक कुठे, काही कळेना. तेवढ्यात दूरवर एक दिवा मिणमिणताना दिसला. त्याने मनात म्हटलं, वाचलो तर जिथे हा दिवा आहे तिथल्या देवाचं देऊळ बांधीन. तो वाचला. किनाऱ्याला लागला तर तिथे महादेवाचं साधंसं ठाणं होतं, आणि त्यापुढे दिवा. त्याने शब्द पाळला, देऊळ बांधलं. पण ते बांधल्यावर आपले लोक आपल्याला परत घेणार नाहीत हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने देवळाच्या शिखरावरून देह टाकला, असं सांगतात. त्याचं म्हणून एक थडगं देवळाजवळ दाखवतात.

कथेचा शेवट ऐकून मला वाईट वाटलं. पण मनात घर केलं ते त्या दिव्याने. तो कोणी लावला होता? कोणीतरी गुरव, नाहीतर गावातली एखादी बाई असेल. रोजच्यासारखी संध्याकाळ झाली, देवापुढे दिवा लावला आणि घरी गेली. समुद्रात कोणी अडकलंय हे तिला ठाऊकही नव्हतं. म्हणजे तिचं ते दान झालं, तेही कोणाला दिलं हे न कळता. परतफेड न करणारा माणूस याहून वेगळा कुठे शोधायचा?

देवळाबाहेर एक म्हातारी बाई बेल-फुलं घेऊन बसली होती. तिच्याशी बोलता बोलता मी म्हटलं, "मावशी, ज्यानं दिवा लावला त्याला आधी कळलं असतं, की हा परक्या मुलखाचा, परक्या धर्माचा, तर?" ती हसली. म्हणाली, "बाय, दिवो काय इचारता, तू खंयचो म्हणान?"

ते ऐकलं आणि डोळ्यांपुढे उभी राहिली ती रिकाम्या कळशा घेऊन परत जाणारी मुलगी.

परत येताना गाडीत मी ह्यांना सगळं बोलून दाखवलं. हे हिशोबी माणूस. म्हणाले, "अगं, दिव्याचं काय, उजेड दहा जणांनी घेतला तरी कमी होत नाही. पाणी संपतं. उद्या बोअर आटलं तर वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना काय सांगशील?" हा मुद्दा खोडता येण्यासारखा नाही. म्हणूनच कदाचित श्लोकात देश, काळ आणि पात्र आलं असावं. जे अमर्याद आहे त्याला विचार लागत नाही. जे मोजकं आहे ते कोणाला, कधी, किती, हे बघावंच लागतं.

घरी आल्यावर पुन्हा शांकरभाष्य उघडलं. आचार्य देश म्हणजे कुरुक्षेत्रासारखी पुण्यस्थळं, काळ म्हणजे संक्रांतीसारखी पर्वं आणि पात्र म्हणजे वेद आणि त्याची सहा अंगं जाणणारा, असा अर्थ देतात. तो त्या काळाचा, त्या परंपरेचा अर्थ. आणि परतफेड न करणारा कोण, तर ज्याच्यात परत करायची ताकदच नाही तो, किंवा ताकद असली तरी ज्याच्याकडून आपण अपेक्षा ठेवत नाही तो.

पण आपल्याच जिल्ह्यात पैठणला एकनाथ महाराज होऊन गेले. काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते रामेश्वराकडे निघाले होते. रामेश्वरही समुद्राकाठचाच देव. वाटेत एक गाढव तहानेने तडफडताना दिसलं आणि नाथांनी ते गंगाजल त्याच्या तोंडात ओतलं. आता ताळा करून बघा. ठिकाण चुकलं, कारण पाणी रामेश्वराचं. वेळ चुकली, कारण पर्व नाही. पात्र तर सरळसरळ गाढव. आणि गंगाजल काही उजेडासारखं न संपणारं नव्हतं, ती एकच कावड होती. तरी आपण सगळे, घरातल्या लहान पोरांसकट, मानतो की रामेश्वराची पूजा तिथेच झाली. म्हणजे नाथांनी श्लोक मोडला का? मला तसं वाटत नाही. तहान लागलेली जागा हाच देश, प्राण कंठाशी आलेत ती वेळ हाच काळ, आणि ज्याला तहान आहे तोच पात्र, असा त्यांनी तो वाचला. पात्र म्हणजे भांडंही. भांड्याबद्दल आपण विचारतो ते एवढंच, की रिकामं आहे का आणि किती मावेल. त्याची अब्रू काय, हे कोण विचारतं?

मग तो पाणी विकणारा माणूस पात्र होता का? खरं सांगायचं तर कॅनपुरता नव्हता, असं मला आजही वाटतं. फुकट मिळालेलं पाणी उन्हाळ्यात विकणं बरोबर नाही. ते थांबवायचा मला हक्क होता. पण आणखी दोन दिवसांनी आपण बाविसावा श्लोक वाचू. त्यात तामस दान सांगितलंय. अयोग्य ठिकाणी, अयोग्य वेळी, अपात्राला दिलेलं, आणि त्याला जोडून आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे सत्कार न करता, अवहेलना करून दिलेलं. अपात्राला देणं आणि तुच्छतेने देणं, दोन्ही एकाच ओळीत बसवलंय. पहिला दोष घेणाऱ्याचा वाटतो, दुसरा सरळ देणाऱ्याचा आहे. मी पहिला शोधायला गेले आणि दुसरा स्वतः केला. देताना नाही, बंद करताना. त्याला बोलावलं असतं, "दादा, घरापुरतं ने, विकू नकोस," एवढं एक वाक्य बोलले असते, तर पाणीही वाचलं असतं आणि माणूसही. वीस रुपयांसाठी त्याला भर उन्हात कॅन का वाहावा लागतो, हे तरी कळलं असतं. मी बोललेच नाही. न बोलता कुलूप घातलं. आणि कुलूप एकट्यासाठी कधी लागत नसतं. ते त्याला लागलं, त्याच्या मुलीलाही लागलं, रस्त्यावरच्या गाईला लागलं, आणि सासूबाईंच्या हिशोबालाही लागलं.

कोकणातून आल्यावर मी शेजारी गेले. इमारत पुरी झाली होती. लिफ्ट बसली होती. कुटुंब गेलेलं. चहावाला म्हणाला, "शेंद्र्याकडं कुठंतरी काम लागलं म्हणे." तेवढंच. ज्या मुलीची माफी मागायची ती आता कुठे आहे, मला माहीत नाही. वाचकहो, काही चिंतनं उशिरा होतात, आणि उशिरा झालेल्या चिंतनाने झालेलं भरून येत नाही. हे लपवून पुढच्या श्लोकाकडे जाणं मला जमलं नसतं.

कुलूप काढलं आहे. ह्यांचा हिशोबही मी पाळते. तोटी सकाळी सात ते आठ चालू असते आणि त्या वेळेत मी बाहेर उभी असते. माणशी दोन कळशा. परवा एक जण कॅन घेऊन आला. त्याला म्हटलं, "दादा, कॅन नको, कळशी आणा, ती भरून देते." तो थोडा नाराज झाला, पण दुसऱ्या दिवशी कळशी घेऊन आला. मी बरोबर केलं की चूक, याची मला पूर्ण खात्री नाही. पण या वेळी मी त्याच्या तोंडाकडे बघून बोलले.

आज दिवसभरात कोणाला काही द्यायची वेळ आली, पैसे, वेळ, नाहीतर नुसता पाण्याचा तांब्या, तर पात्र जरूर बघा. फक्त बघताना आपण घराच्या दारात उभे आहोत की खिडकीआड, तेवढं एकदा तपासा.

उद्या एकविसावा श्लोक, राजस दान.

हरी ॐ तत्सत्.