तीनशेचा घोडा आणि पाचशेचे घड्याळ

आम्हाला टोल्यांच्या जुन्या घड्याळांचा शौक आहे. सुट्टीच्या दिवशी कल्याणच्या दूधनाक्यापासून ठाण्याच्या राबोडीपर्यंत चौकशी करीत फिरतो. घरचे याला वेड म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी कल्याणला आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी असे एक बंद घड्याळ दिसले. डायलवर आठ टोकांचा तारा. म्हणजे युंगहान्स, जर्मनीतल्या श्रामबर्गला १८६१ साली निघालेला कारखाना. मुलाची आजी म्हणाली, "मास्तर, भंगारवाला शंभर देतोय, तुम्ही पाचशे द्या." आम्ही तारा आधीच ओळखला होता. काही न बोलता पाचशे दिले.

स्प्रिंग शाबूत होती, तेल तेवढे सुकले होते. साफ करून दोन्ही छिद्रांत चावी दिली. एकीने काटे चालू लागले, दुसरीने टोले. मुंबईच्या मटन स्ट्रीटवर एका व्यापाऱ्याने त्याचे आठ हजार सांगितले, आणि आमची झोप गेली.

आम्ही खोटे बोललो नव्हतो. किंमत खालांनीच सांगितली होती. शिवाय घड्याळाची पारख आम्ही वर्षानुवर्षे शिकलो, तिचा मोबदला का घेऊ नये? भंगारवाल्याने तर पितळ वेगळे करून लाकूड चुलीत घातले असते. हे सगळे खरे आहे. व्यापाऱ्याशी घासाघीस करताना आम्हाला आजही काही वाटत नाही, त्याला बाजार ठाऊक असतो.

पण हदीसमध्ये काफिल्याला बाजाराबाहेर गाठून माल घ्यायला मनाई आहे. घेतलाच, तर बाजारात पोचल्यावर सौदा मोडायची मुभा मालकाला आहे. खाला मटन स्ट्रीटला कधी जाणार? हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्या माणसाने तीनशे दिरहमला घोडा आणला, तेव्हा घोडा जास्तीचा आहे म्हणत त्यांनी मालकाला स्वतःहून आठशे दिले. घेणाऱ्यानेच भाव वाढवला! वर्गात नफा-तोट्याची गणिते शिकवताना हा घोडा आम्हाला आठवतो. आणि खालांनी दार उघडले ते गिऱ्हाइकाला नव्हे, नातवाच्या मास्तरांना.

शेवटी पगार झाल्यावर चार हजार घेऊन गेलो. दुरुस्तीची मेहनत आमची धरली होती. बाजारभावही सांगितला. सौदा मोडायचा असेल तर घड्याळ परत आणतो म्हणालो. खालांनी पैसे न मोजताच उशाखाली ठेवले आणि विचारले, "टोले पडतात का अजून? सहेरीला आम्ही त्याच्यावरच उठायचो."

पडतात, म्हणालो. खाला बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "रमजानपुरते आणून लावाल?"