खाड्याचे पैसे

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत हरमनप्रीत कौरच्या संघाने महिला क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि आपल्याकडच्या बाजारवादी मंडळींना आयताच पुरावा सापडला. त्यांचं म्हणणं असं की आधी दर्जा आला, मग प्रेक्षक आले, आता पैसा येतोय. हाच नैसर्गिक क्रम, आणि समान मानधन मागणाऱ्यांनी मधल्या काळात उगाच घसा कोरडा केला. (समान सामना-मानधनाचा निर्णय २०२२ चा, म्हणजे विश्वचषकाच्या तीन वर्षं आधीचा. तो या क्रमात कुठे बसवायचा, हे विचारायचं नसतं.) क्रिकेटवर वाद घातला की जो तो आपल्या लाडक्या खेळाडूकडे वळतो आणि मुद्दा तिथेच बुडतो. म्हणून मी आपला जीव न अडकलेला खेळ घेतो, रग्बी युनियन. आणि त्यातली एक बाई, इंग्लंडची एमिली स्कॅरट.

अठराव्या वर्षी, २००८ मध्ये, ती देशाकडून पहिल्यांदा खेळली. २०२५ मध्ये थांबली तेव्हा खात्यात ११९ सामने, ७५४ गुण आणि पाच विश्वचषकांतला सहभाग होता. २०१९ ची जगातली सर्वोत्तम खेळाडूही तीच. ती सेंटरला खेळायची आणि बहुतेकदा पेनल्टीची लाथही तिनेच मारायची.

त्या लाथेपाशी मला आयरिस मॅरियन यंग आठवते. या अमेरिकी तत्त्वज्ञ बाईने १९८० मध्ये ‘मुलीसारखा चेंडू फेकणं’ या विषयावर एक निबंध लिहिला. तिच्याआधी एर्विन स्ट्राउस नावाच्या विद्वानाने लहान मुलामुलींचं चेंडू फेकणं न्याहाळून ठेवलं होतं. मुलगा कंबर वळवतो, पाय मागे घेतो, सगळं अंग त्या फेकीत घालतो. मुलगी जागच्या जागी उभी राहून नुसता हात हलवते. याचं कारण काय, तर म्हणे ‘स्त्रीसुलभ वृत्ती’! यंगने ही वृत्ती उचलून बाजूला ठेवली. मुलीला अंग वापरायला शिकवलेलंच नसतं. उलट जपून चाल, पडशील, लागेल, लोक बघताहेत, हे शिकवलेलं असतं. आपलं शरीर म्हणजे काही करण्याचं साधन, हे तिला कळण्याआधीच ते इतरांनी पाहण्याची वस्तू होऊन बसतं. मग ती स्वतःभोवती एक अदृश्य रिंगण आखून घेते आणि चेंडू त्या रिंगणात येईपर्यंत वाट पाहते. चेंडूवर झेपावत नाही.

यंगवर आक्षेप घेता येतो, आणि पुढे तिनेच तो घेतला: या मांडणीत पुरुषाची हालचाल हीच मापाची पट्टी ठरते. बरोबर आहे. पण आमच्या बाजारवाद्यांना गप्प करायला निबंधाचा पहिला अर्धा भाग पुरतो. दर्जा आभाळातून पडत नाही. शरीराला वेळ, जागा आणि आपटायची मोकळीक मिळाली की तो घडतो. वेळेला पैसे पडतात. म्हणजे पगार आधी, दर्जा मागाहून.

इथे लेख संपवला असता तर सोयीचं झालं असतं, पण स्कॅरटची कारकीर्द तसं करू देत नाही. २०१४ मध्ये पॅरिसला इंग्लंडने कॅनडाला २१-९ असं हरवून विश्वचषक घेतला. त्यातले १६ गुण एकट्या स्कॅरटचे. आणि पूर्णवेळ करारांची पहिली खेप आली ती त्या विजयानंतर, तीही मुख्यतः सेव्हन्ससाठी, म्हणजे सात-सात जणींच्या रग्बीसाठी. २०१७ च्या विश्वचषकानंतर पंधराच्या संघाचे करार पुढे चालवले नाहीत. २०१९ मध्ये २८ जणींना ते नव्याने दिले. त्या पगारी संघाने २०२२ ची अंतिम लढत न्यूझीलंडशी ३१-३४ अशी गमावली. बिनपगारी जिंकल्या, पगारी हरल्या. मग पगाराने दर्जा येतो, हे माझंही समीकरण लंगडंच. दर्जाचा विषयच इथून उचलला पाहिजे.

रग्बीनेच पगाराचं हे भांडण एकदा पुरुषांसाठी लढलेलं आहे. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर-लँकशरचे खाणकामगार आणि गिरणीकामगार शनिवारी खेळायचे, तर कामाचा खाडा व्हायचा. क्लबांनी म्हटलं, खाड्याचे पैसे तरी द्या. लंडनच्या साहेबांना ते विटाळासारखं वाटलं. १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि युनियनवाले आणखी शंभर वर्षं, थेट १९९५ पर्यंत, हौशीपणाचं सोवळं पाळत राहिले. १९९१ ला पुरुषांच्या विश्वचषकाची अंतिम लढत लंडनच्या ट्विकनमला भरगच्च मैदानावर झाली आणि खेळणाऱ्यांना पगार नव्हता. प्रेक्षक होते, पैसा होता, बाजार होता, मजुरी नव्हती. बाजाराच्या नैसर्गिक क्रमाचं हे असं आहे. त्याच वर्षी रिचमंड क्लबच्या चौघी बायकांनी वेल्समध्ये महिलांचा पहिला विश्वचषक भरवला. आंतरराष्ट्रीय मंडळाची मान्यता नसताना!

खाणकामगार कौशल्याची किंमत मागत नव्हता. तो बुडालेल्या दिवसाची भरपाई मागत होता. स्कॅरटचा हिशेब मी तसाच मांडेन, त्यात मानेवरची शस्त्रक्रिया आणि त्यापायी मैदानाबाहेर गेलेला काळही धरून. आपल्याकडे पुण्याची वाहबिझ भरुचा पेशाने फिजिओथेरपिस्ट, आणि तिने भारताचं कर्णधारपद सांभाळलं. २०१९ मध्ये मनिलात भारतीय बायकांनी सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. पंधराच्या रग्बीतला तो आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय. या मुलींना आधी प्रेक्षक आणायला सांगणारे लोक त्यांच्या खाड्यांबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

२०२५ च्या महिला रग्बी विश्वचषकाची अंतिम लढत ट्विकनमला ८१,८८५ लोकांनी पाहिली. हा आकडा मला बाजारवाद्यांच्या तोंडावर फेकता आला असता, पण फेकत नाही. पुढच्या वेळी चाळीस हजारच आले, तर खाड्याचे पैसे निम्मे करायचे का?